कुलवृत्तांतात लेकी कुठे आहेत?

गेल्या महिन्यात याच पानावर वंशवृक्ष कसा काढायचा ते थोडक्यात सांगितलं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असलेल्याचं चिन्ह भरून काळं करायचं, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली मुलं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे. ज्याच्यामुळे चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. एवढ्याशा मजकुरावर भरपूर पत्रं आली. पुण्यात प्रत्येकाकडे वंशावळ असते, आणि दुसऱ्याच्या वंशावळीतली चूक दाखवायची हौसही. शुद्धलेखनाच्या सूचना संपादकांकडे पाठवल्या आहेत. उरलेल्यांतली पाच पत्रं घेते.

प्रश्न : माझं वय ७४. थोरल्या मुलीचा मुलगा चालायला लागला तसे त्याच्या अंगावर काळे-निळे डाग दिसू लागले. गुडघा सुजला म्हणून तपासलं, तर हिमोफिलिया ए निघाला. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, अकरा पिढ्यांचा. मी पानन् पान वाचलं, कुणालाही असा आजार नाही. व्याही म्हणतात, दोष तुमच्याकडचाच. मला एक मुलगाही आहे, तो ठणठणीत आहे. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आहे. तिच्या सासरी सांगावं का?
— एक आजोबा, नारायण पेठ

उत्तर : आजोबा, तुम्ही पुस्तक नीट वाचलंत यात शंका नाही. पण जे शोधताय ते त्या पुस्तकात सापडणारच नाही.

हिमोफिलिया ए म्हणजे रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक कमी असणं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यात दोष असला तर तो लपत नाही. बाईकडे दोन असतात. एक सदोष असला तरी दुसरा बहुतेक वेळा निभावून नेतो आणि ती वाहक राहते. बाप मुलाला वाय देतो, एक्स देतो तो फक्त मुलीला. म्हणजे हा आजार बापाकडून मुलाकडे जाऊच शकत नाही. आणि तुमचा कुलवृत्तांत नेमका बाप-मुलगा-नातू याच रेघेवर चालतो.

असे कुलवृत्तांत मी पुष्कळ हाताळले आहेत. पेशंटचे नातेवाईक कापडात गुंडाळून अभिमानाने घेऊन येत. मुलाची नोंद कशी असते? जन्मशक, शिक्षण, नोकरी, बदल्या कुठे झाल्या, घर कधी बांधलं. आणि शेवटी ‘कन्या ३’. कधी त्यांच्या सासरची आडनावं, बस्स. त्या तिघींची मुलं जगली का, किती जगली, हे तिथे नसतं. ती दुसऱ्या कुळाची. घरात आलेल्या सुनेचं लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे तीच बाई माहेरच्या पुस्तकात एका नावाने आणि सासरच्या पुस्तकात दुसऱ्याच. बारशाआधी गेलेली पोरं तर कुठेच नाहीत. वाड्यांची आणि इनामांची हकीकत सांगायला ही पुस्तकं उत्तम आहेत. एक्स गुणसूत्राचा माग काढायला निरुपयोगी.

शिवाय तुम्ही स्वतः निरोगी आहात. तुमच्याकडे असलेला एकुलता एक एक्स चांगला, म्हणजे तुमच्या अकरा पिढ्यांचा या प्रकरणाशी संबंधच नाही. आता दोन शक्यता उरतात. एक, दोष तुमच्या पत्नीकडून आला. दोन, तो नव्यानेच उद्भवला. हिमोफिलियाच्या साधारण तीनांपैकी एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. असा नवा बदल तुमच्या मुलीच्या बीजात झाला असेल, तुमच्या पत्नीच्या, किंवा तुमच्या शुक्राणूतही. वडील निरोगी असतानाही हे घडतं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण राणी व्हिक्टोरियाचं. जन्म १८१९. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हा आजार होता. १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन तो तिशीतच गेला. ॲलिस आणि बिआट्रिस या मुली वाहक निघाल्या आणि त्यांच्या लेकींमार्फत आजार रशियाच्या आणि स्पेनच्या राजघराण्यात पोचला. रशियाचा युवराज अलेक्सी त्यातलाच. व्हिक्टोरियाच्या आधी मात्र कुणाचीच नोंद नाही. ती जन्मली तेव्हा तिचे वडील ५१ वर्षांचे होते, म्हणून बदल त्यांच्यात झाला असावा असा तर्क करतात. पुढे रशियाच्या राजकुटुंबाचे अवशेष तपासले, तेव्हा २००९ मध्ये कळलं की तो हिमोफिलिया बी होता, म्हणजे नवव्या घटकाचा. आजचं ब्रिटिश राजघराणं यातून सुटलं, कारण गादी निरोगी मुलाकडून, सातव्या एडवर्डकडून पुढे गेली. तुमच्याकडेही तेच. तुमचा मुलगा निरोगी, म्हणजे त्याच्या मुलांना हा आजार त्याच्याकडून येणार नाही. कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीत ज्यांची नावं छापून येतील, ते सगळे सुरक्षित!

तेव्हा आता पुस्तक मिटा आणि पत्नीजवळ बसा. त्यांचे भाऊ, त्यांच्या आईचे भाऊ, मावश्यांचे मुलगे, बहिणींचे मुलगे. ‘हिमोफिलिया होता का’ असं विचारलंत तर कुणीच हो म्हणणार नाही, त्या काळी नाव कुणाला माहीत होतं? विचारायचं ते असं : कुणाचा घोळणा फुटून रक्त थांबेना असं झालं होतं का? दात पाडल्यावर रात्रभर रक्त? गुडघे सुजून लंगडत चालणारा मामा? ‘लहानपणीच गेला’ म्हणतात तो नक्की कशाने? या प्रश्नांवर स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उत्तर देणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. बाहेरच्या खोलीतल्या पुरुषांना त्यातलं काही ठाऊक नसायचं.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी नातवाच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे ते शोधायचं, मग तोच बदल त्याच्या आईत, आजीत, मावशीत आहे का ते पाहायचं. वाहक बाईच्या रक्तातलं घटकाचं प्रमाण पुष्कळदा नॉर्मल येतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर ‘मी वाहक नाही’ असं ठरवू नये. तुमच्या पत्नी वाहक असतील तर धाकटी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक निघाली तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. पत्नीच्या बहिणींनाही कळवा, त्यांच्या लेकींचा प्रश्न आहे.

सासरी सांगायचं का, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. आधी धाकटीला सांगा. तिची तपासणी, तिचा अहवाल. तो हातात आल्यावर होणाऱ्या नवऱ्याशी तिने बोलावं. व्याह्यांना एवढं सांगा की यात दोष कुणाचाच नाही, आणि थोरलीला हे वाक्य त्यांच्यासमोर ऐकू द्या.

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या गणितात अव्वल आहेत. पणजोबा ज्योतिर्गणितात, आजोबा शिक्षक, वडील आणि मी इंजिनिअर. वंशवृक्ष सोबत जोडला आहे. सून कॉमर्सची आहे. नातवात हा गुण उतरण्याची टक्केवारी काढून मिळेल का?
— सदाशिव पेठ

उत्तर : नाही मिळणार. सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

वंशवृक्ष सुबक काढला आहे, पण त्यात एकही गोल काळा केलेला नाही. पणजी, आजी, आत्या कुणालाच गणित येत नव्हतं, की कुणी शिकवलंच नाही? अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी आरमारी अधिकाऱ्यांच्या घराण्यांचे वंशवृक्ष जमवले आणि १९१९ मध्ये असा निष्कर्ष छापला की समुद्राची ओढ हा आनुवंशिक गुण आहे आणि तो लिंगाशी निगडित आहे, कारण तो पुरुषांतच दिसतो. बायकांना आरमारात अधिकारी म्हणून घेतच नव्हते, हे काही त्यांना आडवं आलं नाही.

हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. याच डेव्हनपोर्टांनी १९१० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला सुप्रजननाच्या, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच पैदास व्हावी या विचाराच्या, नोंदींचं कार्यालय काढलं. गरिबी, मद्यपान, ‘मंदबुद्धी’ असल्या गोष्टींचे चौकोन-गोल काढून तिथे घराणीच्या घराणी निकृष्ट ठरवली गेली, आणि असल्या कागदांचा आधार घेऊन माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा वैध ठरवला. कार्यालय १९३९ मध्ये बंद पडलं. एखादी गोष्ट घराण्यात चालत येते म्हणजे ती जनुकांतूनच येते असं नव्हे. वाडा, भाषा, पुस्तकांचं कपाट आणि शिकवणी हेसुद्धा वारशानेच मिळतं. पेशव्यांच्या काळी क्षयाने एकाच घरातली माणसं ओळीने जात, म्हणून लोक त्याला घराण्याचा रोग समजत. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले तेही क्षयानेच. तो जंतू एका खोलीत राहणाऱ्यांना गाठतो, त्याला कूळ लागत नाही.

नातवाला गणित शिकवा. नातीलाही.

प्रश्न : मी बारावीला आहे. प्रोजेक्टसाठी घरच्यांचा वंशवृक्ष काढायचा होता, विषय ‘जीभ गुंडाळता येणे’. आई-बाबा दोघांनाही जीभ गुंडाळता येत नाही आणि मला येते. पुस्तकात हा प्रभावी गुण आहे, म्हणजे आई-बाबांपैकी एकाला तरी तो हवाच, असं दिलंय. मग हे कसं शक्य आहे? मैत्रिणी हसल्या. आई म्हणाली, वहीतलं ते पान फाड.
— बिबवेवाडी

उत्तर : पान फाडू नकोस, पुस्तकाचं वाक्य खोड. १९४० मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मोठ्या शास्त्रज्ञाने हा गुण एका प्रभावी जनुकामुळे असावा असं म्हटलं होतं. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांवर अभ्यास झाला, तेव्हा काही जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जिभा वेगळ्या! स्टर्टेव्हंटने स्वतः १९६५ मध्ये लिहून टाकलं की हे उदाहरण अजून पुस्तकांत दिलेलं पाहून आपल्याला संकोच वाटतो. आपल्याकडच्या गाइडांना तो वाटत नाही. कानाची चिकटलेली पाळी आणि घारे डोळे यांचंही तेच. त्यात अनेक जनुकांचा हात असतो, आणि काळेभोर डोळे असलेल्या आईबापांना घारं मूल होतं. आईला हे सगळं वाचून दाखव.

प्रोजेक्टला खरा एक-जनुकी गुण हवा असेल तर स्वतःचं घर सोड आणि प्रसिद्ध झालेला वंशवृक्ष घे. विल्यम फॅराबी यांनी १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबातल्या आखूड बोटांचा वंशवृक्ष छापला. माणसात मेंडेलचा प्रभावी गुण दाखवणारा तो पहिला. पिढी न चुकता उतरतो, मुलगे-मुली दोघांत, बापाकडूनही मुलाकडे. तीनही खुणा तुला बोट ठेवून दाखवता येतील.

प्रश्न : माझं वय ३१. आत्याला ४२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, आणि आता दुसऱ्या आत्याच्या मुलीला ३८ व्या वर्षी. तपासायला गेले तिथे फक्त ‘आईला किंवा मावशीला होता का’ एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर काळजी नको म्हणाले. खरंच नको?
— सिंहगड रस्ता

उत्तर : विचारणाऱ्याने वंशवृक्षाचा वडिलांकडचा अर्धा कागद पाहिलाच नाही. तुमची निम्मी जनुकं वडिलांची आहेत. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये, कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या घराण्यांचे वंशवृक्ष घेऊन, या कॅन्सरशी निगडित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. तेच पुढे बीआरसीए १ म्हणून ओळखलं गेलं. सतरावं गुणसूत्र बापाकडून मुलीकडेही जातं. वडिलांना स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून त्यांच्यापाशी येऊन रेघ तुटल्यासारखी वाटते. ती तुटलेली नसते. बीआरसीए २ या अशाच दुसऱ्या जनुकात दोष असला तर क्वचित पुरुषालाही स्तनाचा कॅन्सर होतो, तोही विचारून घ्या.

लगेच घाबरून जाऊ नका. स्तनाच्या कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच असे सरळ वारशाने आलेले असतात. पण तुमच्याकडे दोन्ही बायका पंचेचाळिशीच्या आतल्या आणि एकाच बाजूच्या आहेत, एवढ्यावर जनुकीय समुपदेशकाकडे जायलाच हवं. कागदावर आजाराच्या नावासोबत तो कितव्या वर्षी कळला ते लिहा. ‘पोटाचा कॅन्सर’ असं मोघम सांगितलं तर नक्की अंडाशयाचा होता का, जुनी फाइल काढून बघा. तपासणी आधी आत्याची किंवा आत्येबहिणीची करायची, म्हणजे जिला आजार झाला आहे तिची. तिच्यात बदल सापडला आणि तुमच्यात तोच नसला, तर तुम्हाला निर्धास्त सांगता येतं. आधी तुमचीच केली आणि ‘काही नाही’ आलं, तर त्याला फारसा अर्थ नाही.

जाता जाता : वडिलांना बहिणीच नसत्या तर तुमचा वंशवृक्ष कोरा दिसला असता. हल्लीच्या एक-दोन मुलांच्या घरांत ही अडचण वाढणार आहे.

प्रश्न : माझ्या मुलासाठी माझ्या भावाची मुलगी करायची असं दोघांच्या लहानपणापासून ठरलंय. माझंही लग्न आत्याच्या मुलाशीच झालं, आमचं सगळं नीट आहे. पण आता मुलगाच म्हणतो, आधी तपासून घेऊ. भाचीचं हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास असतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. एवढंच काय ते. गोत्र वेगळं आहे, मग अडचण कसली?
— एक आई, हडपसर

उत्तर : ताई, तुमचा मुलगा शहाणा आहे, आणि ‘एवढंच काय ते’ म्हणून लिहिलेली गोष्ट पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिच्याकडे येतेच.

मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत रूढ आहे. आत्याची मुलगी करणं तितकं नाही. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात देशभरच्या अशा नात्यांचे नकाशे मांडले. पण रक्ताच्या हिशेबात मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी यांत फरक नाही, दोघी सारख्याच जवळच्या. गोत्रही फक्त बापाची रेघ मोजतं, त्यामुळे सख्खी मामेबहीण गोत्राच्या चाळणीतून अलगद निसटते.

प्रत्येकाच्या अंगात काही अप्रभावी दोष लपलेले असतात. ते एकेरी असले तर कळत नाहीत. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तरच आजार. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी लंडनमध्ये १९०२ मध्ये, लघवी काळी होणाऱ्या एका दुर्मीळ आजाराच्या मुलांचे आईबाप वारंवार एकमेकांची चुलत-मामे भावंडं निघतात, हे दाखवून दिलं. तुमचा वंशवृक्ष काढला तर नवरा-बायकोमधली रेघ दुहेरी काढावी लागेल (रक्ताच्या नात्यातल्या लग्नाची ती खूण), आणि तीही दोन पिढ्यांत. एरवी मामेबहिणीशी लग्न झालं तर होणाऱ्या बाळाच्या कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता ६४ त ४ असते. तुमचं लग्न आतेभावाशी झाल्यामुळे तुमच्या नातवंडांत ती ६४ त ५ होईल. साध्या भाषेत : कोणत्याही जोडप्याला गंभीर जन्मजात व्यंग असलेलं मूल होण्याची शक्यता साधारण तीन टक्के, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात दोन-तीन टक्क्यांची भर पडते, तुमच्यात किंचित जास्त. म्हणजे बहुतेक मुलं चांगलीच होतात. तुमचं सगळं नीट झालं ते त्यामुळेच, पण त्यावरून पुढच्या पिढीची खात्री देता येत नाही.

आता भाचीचं हिमोग्लोबिन. गोळ्यांनी न वाढणारं हिमोग्लोबिन हे पुष्कळदा थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची, वाहक असल्याचं लक्षण असतं. वाहकाला आजार नसतो, थोडा फिकटपणा एवढंच. पण नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता, की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल आणि जन्मभर रक्त चढवावं लागेल. भाचीच्या अंगात तो दोष तुमच्या माहेरचा असेल, तर तुमच्या मुलाकडेही असू शकतो. तुमच्याकडून, किंवा त्याच्या वडिलांकडून. त्यांचीही आई तुमच्याच माहेरची.

भाचीचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा आणि त्यासोबत हिमोग्लोबिन ए२ ची तपासणी, तिला लॅबमध्ये एचपीएलसी म्हणतात. ए२ साडेतीन टक्क्यांच्या वर असलं तर ती बहुधा वाहक. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून लोहाचीही तपासणी त्याच वेळी करा. मुलाची तपासणी तिचा अहवाल येईपर्यंत थांबवायचं कारण नाही, दोघांचं रक्त एकाच सकाळी देता येईल. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. पण ते त्या दोघांना आधी माहीत हवं आणि पटलेलं हवं. साखरपुड्याचा हॉल बुक केला असेल तर आगाऊ रक्कम परत मिळते का तेही विचारून ठेवा, म्हणजे अहवाल वाचताना घरात कुणी घाई करणार नाही.